उजवीकडे बघणारे चेहरे

१

बुधवारी दुपारी झिंजमधल्या हॉलवर मयुरेशनं स्लाइड्सचा डबा उघडला आणि "अहो, या गेल्या कुठं?" म्हणून ओरडलाच.

डबा जागेवर होता, प्रोजेक्टर जागेवर होता, बाकीच्या सगळ्या स्लाइड्सही आपापल्या खाचेत होत्या. गेल्या होत्या त्या फक्त एका शिळेच्या. आणि गुरुवारी संध्याकाळी माझ्या नवऱ्याचं व्याख्यान होतं ते नेमकं त्याच शिळेवर.

मी जमीला परकार. इथे बहरीनमध्ये ईसा टाउनला शाळेत गणित शिकवते. पोरांच्या कॉप्या पकडण्यात माझं नाव आहे, आणि तोंड तिखट म्हणूनही आहे. दोन्हीचा मला अभिमान होता. बुधवारपर्यंत होता, असं म्हणू या.

माझे मिस्टर इक्बाल दिवसा बँकेत असायचे आणि घरी आले की माया लोकांत. माया म्हणजे मध्य अमेरिकेच्या जंगलातली जुनी माणसं. दगडावर लिहायची, आणि त्यांची अक्षरं म्हणजे चौकोनात बसवलेले चेहरे, पक्षी, हात. एक आकडा म्हणजे टिंब, पाच म्हणजे रेघ, आणि शून्यासाठी शिंपला. मला गणितवालीला हे भारी आवडायचं. ही लिपी कित्येक वर्षं कुणाला वाचताच येत नव्हती. विद्वान म्हणायचे, ही सगळी नुसती पंचांगं आहेत. मग एका रशियन तरुणानं, ते जंगल कधी न बघता, पुस्तकांवर डोकं खपवून दाखवलं की ही उच्चारांची अक्षरं आहेत. आणि एका बाईनं दाखवलं की दगडांवर राजांचे जन्म आणि राज्यारोहणं कोरलीत. जेवताना इक्बाल हे रंगात येऊन सांगायचे. आमची सुहा "पप्पा, नॉट द माया अगेन" म्हणायची, पण ऐकायची.

एक नियम आम्हाला घरात पाठच झाला होता. चेहरे जिकडे बघतात, तिकडून वाचायला सुरुवात. माया चेहरे डावीकडे बघतात, म्हणून वाचायचं डावीकडून.

पण इक्बालच्या शिळेवरचे चेहरे उजवीकडे बघत होते! इथल्या सार गावी जुन्या थडग्यांवर खोदकाम करणाऱ्या एक परदेशी प्रोफेसरबाई होत्या. त्यांनी पूर्वी माया जंगलातही काम केलं होतं. या शिळेच्या स्लाइड्स त्यांनी इक्बालना नुसत्या बघायला दिल्या होत्या. साध्या पांढऱ्या चौकटीतल्या, वर काही लिहिलेलं नाही. इक्बालनी त्या दिव्यासमोर धरल्या आणि उडालेच. उजवीकडून वाचायची माया शिळा! अशा एखाददुसऱ्याच ठाऊक होत्या जगाला. "लहानपणी मदरशात उजवीकडून वाचायला शिकलेल्या माणसालाच हे दिसणार होतं," असं ते म्हणायचे. प्रोफेसरबाईंना व्याख्यानातच चकित करायचं म्हणून त्यांना काही सांगितलं नाही. इथल्या इंग्रजी पेपरला मात्र सांगितलं. फोटोसकट बातमी आली, हातात स्वतः काढलेलं शिळेचं चित्र धरून. ती मी फ्रिजवर चिकटवली होती.

आणि आता स्लाइड्स गायब.

"किल्ली कुणाकडे असते?" आमच्या किनारा मंडळाचे अध्यक्ष विवेक गुप्ते म्हणाले.

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. दारात शब्बीर उभा होता, चहाचे कप घेऊन. हॉलची झाडलोट, खुर्च्या, चहा, किल्ली, सगळं त्याच्याकडे, आणि राहायचाही तिथेच मागच्या खोलीत. आमच्याच गावचा पोरगा. इक्बालनीच खटपट करून आणलेला.

"भाभी, मी नाय नेल्या," तो मलाच म्हणाला.

गुप्ते म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत स्लाइड्स मिळाल्या नाहीत तर मला अरबाबला फोन करावा लागेल."

अरबाब म्हणजे हॉलचा बहरिनी मालक. शब्बीरचा व्हिसा त्याच्या नावावर. चोर म्हटलं की व्हिसा खलास आणि मिळेल त्या विमानानं मुंबई. पुढच्या महिन्यात शब्बीरच्या बहिणीचं, बानूचं लग्न होतं. चोर म्हणून परत पाठवलेल्या भावाच्या बहिणीला कोण पत्करणार? हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हणाले, "बॅग आण तुझी."

कॉपी पकडताना मी असंच करते. दप्तर उलटं करायचं. सगळ्यांसमोर मी त्याची बॅग जमिनीवर उपसली. बानूसाठी घेतलेलं कापड, अत्तराची बाटली, आईसाठी बामच्या डब्या, दोन शर्ट. स्लाइड्स नव्हत्या. शब्बीर खाली बघत कापडाची घडी परत घालायला लागला, आणि ती त्याला नीट जमेना.

इक्बाल खिडकीपाशी उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, धक्का बसलाय.

२

घरी आल्यावर मला स्वस्थ बसवेना. बॅगेत नाही तर मग कुठे? आणि मुळात शब्बीर त्या स्लाइड्सचं करणार काय, लोणचं घालणार?

दुसरी एक गोष्ट टोचत होती. डब्यातल्या सगळ्या स्लाइड्स दिसायला सारख्याच, बोटाएवढं चित्र. त्यातून एकाच शिळेच्या नेमक्या निवडून काढायला माया अक्षरं ओळखता यायला हवीत, नाहीतर डब्यातला क्रम ठाऊक हवा. चोराला माहिती होती. चिडलेल्या चोरानं सगळा डबाच उचलला असता.

इथे गुरुवार-शुक्रवार आठवड्याची सुट्टी. सकाळीच चारुलता गुप्तेकडे गेले. ही मंडळाची सेक्रेटरी, अध्यक्षांची बायको. गुरुवारची संध्याकाळ तिला नाट्यगीतांना हवी होती, आणि ती संध्याकाळ व्याख्यानाला दिल्यावर तिनं मीटिंगमध्ये आदळआपट केली होती.

"मी चोरल्या असं म्हणायचंय का तुला?" चारुलतानं चहा ठेवता ठेवता विचारलं.

"तसं असतं तर तुझा चहा प्यायले असते का?"

"प्यायली असतीस. तू काय, पिऊनही पकडशील." ती हसली, मग खुर्ची पुढे ओढून बसली. "खरं सांगू? तालीम झाली त्या मंगळवारी मी हॉलवर पाऊलसुद्धा टाकलं नाही. आणि शब्बीरचं मला रात्रभर वाईट वाटतंय. आपण बघत राहिलो गं. तू बॅग उपसलीस आणि मी बघत राहिले."

मी चहा अर्धाच ठेवून उठले.

तिथून मयुरेश टिपणीसकडे. सित्राला रिफायनरीत इंजिनिअर, फोटोग्राफीचा नाद, म्हणून प्रोजेक्टर त्याच्याकडे. मंगळवारी संध्याकाळी इक्बाल आणि त्यानं मिळून तालीम केली होती. मी नुसतं विचारलं, कशी झाली, तर त्याचं तोंड आंबलं.

"काय सांगू भाभी? शब्बीरच्या देखत झापलं मला. म्हणे, स्लाइड उलटी लावलीस. मी म्हटलं, इक्बालभाई, चकचकीत बाजू दिव्याकडे, हा साधा नियम आहे. तर म्हणे, मला शिकवू नकोस, मी खुणा केल्यात त्याप्रमाणे लाव."

"मग?"

"मग काय, पडद्याकडे बघत बघत एकदम थांबले. पुढची लाव म्हणाले. तिच्या पुढची लाव. सगळ्या लावून झाल्या आणि म्हणाले, बस, लाइट लाव, डोकं दुखतंय. मला घरी पाठवलं, म्हणाले, मी आवरतो. थँक्यूसुद्धा नाही!"

पोराला चांगलाच राग होता. क्रमही त्याला ठाऊक होता. त्यानं डूख धरून तर नेल्या नाहीत? तसं वाटताच मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. शब्बीर सुटेल आणि आपल्या घराला झळ नाही.

"मयुरेश, शिळेची एखादी दुसरी कॉपी आहे का रे कुठे?"

"मुख्तारकडे असेल की. स्टेजच्या मागे लावायला एक मोठा फोटो करायला टाकला होता ना इक्बालभाईंनी, बाजारातल्या स्टुडिओत."

निदान एक तरी फोटो मिळणार होता! मी टॅक्सी केली.

३

मनामाच्या बाजारात मुख्तारचा स्टुडिओ, पासपोर्ट फोटो आणि लग्नाच्या अल्बमांचा. मला बघून तो गडबडला.

"भाभी, पैसे नको. इक्बालभाईंनी नको सांगितलं तेव्हा फोटो झाला होता, पण चालायचंच."

"नको सांगितलं? कधी?"

"काल सकाळी. मी शटर उघडतोय तोवर हजर. स्लाइड परत नेली आणि म्हणाले, फोटो फाडून टाक. पण एवढा मोठा कागद, फाडवेना माझ्यानं."

स्लाइड्स गेल्याचं कळलं बुधवारी दुपारी. हे बुधवारी सकाळी स्टुडिओत. व्याख्यान होणार नाही हे त्यांना सकाळीच कसं ठाऊक?

"दाखव मला फोटो," मी म्हणाले.

मुख्तारनं गुंडाळी उलगडली. शिळा, वर चौकोनी अक्षरं, आणि शेजारी खोदकामावरचा एक मजूर, टोपी घातलेला, हसणारा. मी आधी चेहऱ्यांकडे बघितलं. सगळे डावीकडे बघत होते. फ्रिजवरच्या चित्रात उजवीकडे बघणारे तेच चेहरे, तीच टिंबं, त्याच रेघा, इथे डावीकडे.

"मुख्तार, तू उलटा नाही ना छापलास?"

"भाभी, वीस वर्षं फोटो छापतोय! चकचकीत बाजू बघूनच लावतो."

मयुरेशही तेच म्हणाला होता. तरी मला खात्री हवी होती. दोघंही चुकले असतील, असं मनातल्या मनात मागत होते मी. मग माझी नजर मजुराच्या शर्टावर गेली. गेली सोळा वर्षं रोज सकाळी नवऱ्याचा शर्ट इस्त्री करते. पुरुषाच्या शर्टाची बटणं त्याच्या उजव्या हाताच्या बाजूला असतात आणि काजं डाव्या बाजूला. बायकांच्या ब्लाउजचं उलटं. फोटोतल्या मजुराची डावी पट्टी वर होती. बरोबर होता शर्ट. फोटो सरळ होता.

म्हणजे उलटं होतं ते माझ्या फ्रिजवर.

४

इक्बाल दुपारचं जेवून पलंगावर पडले होते, भिंतीकडे तोंड करून. मी फोटो त्यांच्या अंगावर टाकला.

"आता मी सांगते, तुम्ही ऐका. कुठे चुकले तर थांबवा. स्लाइड्स दिव्यासमोर धरल्यात त्या मागच्या बाजूनं. चेहरे उजवीकडे दिसले. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, काहीतरी उलटं झालंय. तुम्हाला उजवीकडून वाचायची लहानपणापासून सवय, तुम्हाला ते सरळच वाटलं. वर खुणाही तशाच केल्यात. मंगळवारी मयुरेशनं नियमाप्रमाणे लावल्या आणि तुम्ही त्याला झापलंत. मग मोठ्या पडद्यावर काय दिसलं?"

त्यांनी तोंड भिंतीकडेच ठेवलं.

"मापपट्टी," ते म्हणाले. "शिळेपाशी ठेवलेली. स्लाइडवर आकडे बारीक, कळत नाहीत. पडद्यावर सरळ वाचता आले."

"मग मयुरेशला घरी पाठवलंत, शिळेच्या तेवढ्या स्लाइड्स काढून घेतल्यात, आणि सकाळी उठून मुख्तारकडे. त्या शिळेला हात लावायचं कारण एकाच माणसाला होतं. तुम्हाला."

"जमीला, पेपरात आलंय गं!" ते उठून बसले. "बँकेत सगळ्यांनी अभिनंदन केलं. प्रोफेसरबाई समोर बसणार. एका मिनिटात तिला कळलं असतं. शाळकरी पोराची चूक, आणि ती मी केली. मला वाटलं, स्लाइड्स हरवल्या म्हटलं की व्याख्यान रद्द, विषय संपला. मग महिनाभरानं तिला परत देऊन टाकल्या असत्या. चोर कोण, हे कुणी विचारेल असं डोक्यातच आलं नाही."

"आणि विचारलं तेव्हा?"

ते फोटोची गुंडाळी करायला लागले.

"मी त्या पोराचं कापड जमिनीवर टाकलं तेव्हा तुम्ही खिडकीतून काय बघत होतात?"

"मी त्याला दुसरीकडे लावून देईन. दुबईला माझी ओळख आहे. तिकीट मी काढीन..."

"लाज वाटू दे!" मी ओरडले. सुहा आतल्या खोलीतून बाहेर आली आणि आमच्याकडे बघून तशीच परत फिरली. "तुम्हीच सांगता ना, इंग्लंडचा तो बडा विद्वान राजांचे जन्म शोधून काढणाऱ्या त्या बाईला तोंडावर म्हणाला, हे शक्य नाही, आणि मग तिचा लेख वाचून दुसऱ्या दिवशी आपणहून कबूल झाला, तुझंच बरोबर. तेवढी तरी हिंमत दाखवा. त्याचं अख्खं आयुष्य चुकलं होतं, तुमची एक स्लाइड चुकलीय."

ते रडले. मला त्यांची कीव आली नाही. स्वतःचीही आली नाही. नुसतं मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं.

स्लाइड्स त्यांच्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात होत्या, रुमालात गुंडाळून.

५

हॉलवर आम्ही लवकर गेलो. गुप्त्यांना आधी सांगितलं. चारुलताही होती, मयुरेशही. गुप्ते सज्जन माणूस. त्यांनी कपाळाला हात लावला, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "इक्बालभाई, झालं ते झालं. कपाटामागे सापडल्या म्हणू. मंडळाची अब्रू आहे. उगाच कशाला?"

इक्बालनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत सुटका दिसली मला, अगदी एक क्षण.

"म्हणू या की," मी म्हणाले. "मग शब्बीरची बॅगही आपण कपाटामागेच उपसायची होती. चारचौघांत उपसली, तर सांगायचंही चारचौघांतच."

मयुरेश म्हणाला, "भाभी बरोबर बोलतायत."

माणसं जमली. प्रोफेसरबाई पहिल्या रांगेत बसल्या. इक्बाल उभे राहिले, कागद खिशातच ठेवले. मयुरेशनं स्लाइड लावली, चकचकीत बाजू दिव्याकडे. चेहरे डावीकडे बघत पडद्यावर आले.

"ही शिळा उजवीकडून वाचायची आहे असं मी पेपरला सांगितलं," ते म्हणाले. "ती बाकीच्यांसारखीच आहे. मी ती पाठीमागून बघितली होती. मंगळवारी कळलं तेव्हा मी स्लाइड्स लपवल्या. त्यांची चोरी झाली नव्हती. शब्बीरवर आळ आला तेव्हा मी तिथेच उभा होतो आणि बोललो नाही."

प्रोफेसरबाईंना चारुलता कानात इंग्रजीतून सांगत होती. बाई म्हणाल्या, "मला एक फोन केला असता तर मीच सांगितलं असतं. असं होतं कधी कधी." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आणि तो मुलगा कुठाय?"

पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. काय मोठं मन, काय धाडस, सगळ्यांसमोर कबूल केलं! माणसं उठून इक्बालशी हात मिळवत होती. इक्बाल मान खाली घालून उभे होते, आणि टाळ्या काही थांबेनात. बाईंचा प्रश्न कुणी ऐकलाच नाही.

शब्बीर मागच्या पॅन्ट्रीत कप विसळत होता. मी आत जाऊन दार लोटलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"शब्बीर, माफ कर मला. बॅगेचं. मी आधी विचारायला हवं होतं."

"असू दे, भाभी."

"असू दे काय? तुझा व्हिसा गेला असता. बानूचं लग्न मोडलं असतं. तू एवढा गप्प कसा राहिलास रे? भांडायचंस तरी!"

त्यानं नळ बंद केला. "मला ठावं होतं, भाभी. मंगळवारी मयुरेशभाई गेल्यावर मी झाडायला आलो. इक्बालभाई ट्यूबलाइटखाली एकेक स्लाइड बघून खिशात टाकत होते. मी दारातूनच मागं फिरलो."

बाहेर अजून टाळ्या वाजत होत्या.

"आणि सांगितलं नाहीस? मी बॅग उपसत होते, तेव्हाही नाही?"

शब्बीरनं ओले हात पँटला पुसले आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं. रागानं नाही.

"मी म्हटलं असतं, इक्बालभाईंनी नेल्या, तर तुम्ही मानलं असतं?"

वर्गात मी पोरांना सांगते, उत्तर येत असेल तर लगेच द्यावं. मला उत्तर येत होतं. ते तोंडातून काढायला मला किती वेळ लागला, मला ठाऊक नाही.

"नाही," मी म्हणाले.

त्यानं मान डोलावली आणि चहाचा ट्रे उचलला. बाहेर पाहुणे खोळंबले होते.